फोनवर लक्ष लागत नाही, लिखाणासाठी जुना पाम घ्यावा का?

घ्या. पण आधी माझं ऐका.

2001 साली मेहुण्याने अमेरिकेतून पाम थ्री-एक्स-ई आणून दिला होता, पाम म्हणजे तळहातावर मावणारा छोटा कॉम्प्युटर. मेमरी 8 एमबी आणि रिमोटला लागतात तसले दोन बारीक सेल. स्क्रीनखालच्या चौकोनात काडीने ग्रॅफिटीची, म्हणजे पामला कळतील अशी सोपी केलेली इंग्रजी अक्षरं काढायची, ए म्हणजे उलटा व्ही, मधली आडवी रेघ नाहीच. देवनागरी नव्हती त्यामुळे मराठी सगळी रोमनमध्ये, आणि मराठीत 'क' किती येतो ते मला तेव्हा कळलं कारण त्यातला के काही केल्या जमायचा नाही. पंधरा दिवसांत हात बसला, इतका की बँकेच्या स्लिपवर पण बिनरेघेचा ए निघायला लागला.

आमचे अण्णा इथेच इंदूरला कापडगिरणीत होते. संध्याकाळी ओट्यावर बसले की साचेखात्याच्या, म्हणजे मागांच्या खात्याच्या, गोष्टी सुरू, पण वही काढली की गप्प, नाहीतर एकदम सत्काराचं भाषण. पाममध्ये मी हिशोब करतोय असं त्यांना वाटायचं म्हणून बोलत राहायचे. खडखडाटात काही ऐकू यायचं नाही, तर हे लोक ओठांवरून एकमेकांचं बोलणं ओळखायचे, म्हणून अण्णा घरीसुद्धा 'मीठ दे' म्हणताना तोंड एवढं मोठं उघडायचे. हे असलं वहीत आलंच नसतं. एका मेमोत, म्हणजे पाममधल्या एका टिपणात, चारेक हजार अक्षरं मावतात, भरला की मी दुसरा उघडायचो.

घरी कॉम्प्युटर नव्हता, पाम कॉम्प्युटरला जोडायचं स्टँड, म्हणजे क्रेडल, ऑफिसात, आणि सिंक करायचा (पाममधलं कॉम्प्युटरवर उतरवायचा) मी आळस केला. रंगपंचमीला गेरमुळे, म्हणजे इथल्या रंगांच्या मिरवणुकीमुळे, ऑफिस बंद. सेल संपत आले म्हणून दोन्ही काढले (मिनिटभरात नवे घालावे लागतात, नाहीतर सगळं पुसलं जातं) आणि तेवढ्यात दारात गल्लीतली मंडळी गुलाल घेऊन हजर. डोळे धुऊन परत आलो, सेल घातले, तर पाम नव्यासारखा विचारतोय की काडी इथे टेकवा. पंधरा दिवसांचं सगळं गेलं. अण्णांना परत विचारलं तर म्हणाले, सांगितलं ना एकदा.

दादा आजही श्राद्धाला जेवताना म्हणतो, "पाच रुपयांच्या वहीत लिहिलं असतंस तर राहिलं असतं." अरे, वहीत लिहिलंच गेलं नसतं! आणि तू किती वह्या भरल्यास ते सांग. आधीच्या सिंकचे सात मेमो माझ्याकडे आहेत, अण्णांचं घरात तेवढंच आहे.

हां, एक राहिलंच. त्या मॉडेलला कॉम्प्युटरशी जोडायला जुन्या पद्धतीचा सीरियल पोर्ट लागतो, आताच्या लॅपटॉपला नसतो, कन्व्हर्टर लागेल आणि तो चालेलच असं नाही. सेल काढलेत तर मिनिटभरात नवे घाला. लक्ष उडतं एवढाच प्रॉब्लेम असेल तर फोनचं नेट बंद केलंत तरी चालेल खरं म्हणजे.

लिंक दादाला पाठवतोय.