गुडघा बदलल्यावर एक्स-रे ‘नॉर्मल’ आहे, तरी आईला जिना उतरताना पुढून दुखतं. डॉक्टरांनी सीटी का सांगितला?

कारण एक्स-रेत फिरकी, म्हणजे बसवलेला भाग स्वतःभोवती किती वळलाय ते, दिसत नाही.

पाय सरळ झाला का, हे एक्स-रे सांगतो. त्यासाठी खुब्यापासून घोट्यापर्यंतचा, उभं करून काढलेला लांब फोटो हवा. खुबा, गुडघा आणि घोटा यांचे मध्य जोडले की कोन १८० अंशांच्या आसपास यावा. ३ अंश इकडेतिकडे सहसा चालवून घेतात. फोटो काढताना गुडघ्याची वाटी समोर हवी. पाऊल वळलं किंवा गुडघा थोडा वाकलेला राहिला की कोन खुशाल चुकतो. (नुसत्या गुडघ्याच्या छोट्या फोटोवर कोन ठरवू नये, असं माझं मत.)

पण मांडीच्या हाडावरची धातूची टोपी स्वतःभोवती आत वळली असेल, तर ते सीटीच्या आडव्या कापातच कळतं. त्या हाडाच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंना उंचवटे असतात. एक रेघ ते जोडणारी, दुसरी टोपीच्या मागच्या दोन गोलाव्यांना टेकणारी. दोहोंमधला कोन म्हणजे फिरकी. नडगीच्या हाडावरच्या प्लेटची फिरकी वेगळी मोजतात. दोन्ही मिळून आत वळले असतील तर वाटी बाहेर सरकते, हे हाडांचे सर्जन बर्जर आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली सीटीवरच दाखवलं. पुढून दुखण्याचं कारण हेही असू शकतं.

धातूमुळे चित्रात पांढऱ्या-काळ्या रेघा येतात. त्या कमी करायची सोय मशीनमध्ये आहे का, हे विचारा आणि चिठ्ठीवर ‘रोटेशन मोजा’ असं स्पष्ट लिहून घ्या. नाहीतर रिपोर्टमध्ये परत ‘इम्प्लांट जागेवर आहे’ एवढंच येईल.