पग पिल्लू आणलंय, कोणत्या वयात किती आणि काय खायला द्यायचं?

पिल्लू दोन महिन्यांचं असेल तर दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या, चार महिन्यांनंतर तीनदा आणि सहा महिन्यांनंतर दोनदा पुरतं. पपी फूडच द्या, साधारण दहा-बारा महिन्यांपर्यंत, आणि ब्रँड बदलायचा असला तर एकदम नको, आठवडाभर जुन्यात नवीन मिसळत जा नाहीतर जुलाब ठरलेले.

खरी गंमत मोठा झाल्यावर. पग म्हणजे एक नंबरचा हावरट, पोट भरलं तरी डोळे मोठे करून ताटाकडे बघत बसणार आणि घरात आजी असली की अर्धी पोळी गुपचूप खाली जाणार. पण याचं वजन ६ ते ८ किलोच असायला हवं, चपट्या नाकामुळे श्वास आधीच अडकतो त्यात चरबी वाढली की उन्हाळ्यात धाप लागून हाल होतात. बरगड्यांवरून हात फिरवा, हलक्या हाताला लागल्या पाहिजेत. नसबंदी झाली की भूक वाढते पण गरज कमी होते, तेव्हा माप कमी करा. कप मोजून द्या, अंदाजपंचे नको.

भांडं उथळ घ्या, खोल वाटीत त्याला नीट खाता येत नाही.

सात-आठ वर्षांनंतर दात बघा, दुखत असतील तर कोमट पाण्यात किबल (कुत्र्यांचं कोरडं दाणेदार खाणं) भिजवून द्या. प्रोटीन आपल्या मनाने कमी करू नका, आधी रक्त तपासून घ्या.

आणि कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट कुठल्याच वयात नाही, म्हणजे आपली फोडणीची भाजी पण नाही.