गणित कच्चं आहे, लॅबमध्ये घेतील का?

«ताई, मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलंय. उत्क्रांतीचं वेड आहे, पण गणिताशी कधीच पटलं नाही. संख्यात्मक आणि उत्क्रांती आनुवंशिकीच्या लॅबमध्ये पीएचडी करायचीय. बऱ्याच प्राध्यापकांना ईमेल पाठवले. एकाच बाईंचं उत्तर आलं, तेही एका ओळीचं: ‘संख्याशास्त्र कितपत येतं?’ आठवडा झाला, काय लिहावं सुचत नाही. थोडं वाढवून सांगू का?
– गोंधळलेली»

वाढवून सांगू नकोस. पहिल्याच लॅब मीटिंगला पितळ उघडं पडेल. शिवाय त्या बाईंनी तुझा ईमेल वाचलाय, म्हणून तर प्रश्न विचारला. बाकीच्यांनी ‘आपल्या नामांकित प्रयोगशाळेत’ एवढं वाचूनच सोडून दिला असावा. (ही ओळ तुझ्या ईमेलमध्ये होती ना?)

गणित टाळून या विषयात, म्हणजे उंचीसारखे मोजता येणारे गुण पिढ्यानपिढ्या कसे उतरतात आणि बदलतात याच्या अभ्यासात, शिरता येईल, ही आशा मात्र सोड. मेंडेलचे वाटाणे उंच तरी असतात नाहीतर बुटके, पण माणसांची उंची अशी दोन खणांत बसत नाही. यावरून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांचे दोन गट हमरीतुमरीवर आले होते. १९१८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने दाखवून दिलं, की थोडाथोडा परिणाम करणारी पुष्कळ जनुकं धरली आणि वर परिस्थितीचा वाटा मिळवला, तर मेंडेलच्याच नियमांतून उंचीचा तो सलग पट्टा मिळतो. हा विषय जन्मला तोच संख्याशास्त्राच्या पोटी.

पण तुला भीती नेमकी कशाची आहे, ते आधी तपासून बघ. आई-वडिलांच्या मापांची सरासरी आणि मुलांची मापं असलेला एखादा डेटा घे, ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा आलेख काढ. त्यातून जाणाऱ्या रेषेचा चढ म्हणजे हेरिटॅबिलिटीचा, म्हणजे गटातल्या फरकांत जनुकांचा वाटा किती याचा, अंदाज. समजा तो ०.४ आला. आता सरासरीपेक्षा १० एककांनी मोठे असलेलेच प्राणी पुढच्या पिढीचे आई-बाप म्हणून निवडले, तर ती पिढी सरासरीने ४ एककांनी वर सरकेल. इथपर्यंत गुणाकारच आहे. आई-बाप आणि पिल्लं एकसारख्याच परिस्थितीत वाढली असतील तर तो ०.४ फुगलेला असू शकतो. मग खरा आकडा कसा काढायचा? हा प्रश्न रात्री डोक्यात घोळत राहिला तर तू योग्य दारात उभी आहेस. कंटाळा आला, तर प्राण्यांच्या वर्तनावर काम करणारी लॅब शोध. त्यात कमीपणा काही नाही.

आणि हो, हेरिटॅबिलिटी ०.८ म्हणजे ‘माझी ८० टक्के उंची जनुकांमुळे’ असं मुलाखतीत बोलू नकोस. तो आकडा एका गटातल्या माणसामाणसांमधल्या फरकाबद्दल असतो, एकट्या तुझ्याबद्दल नाही.

खरं सांगायचं तर गणितापेक्षा मला तुझ्या चिकाटीची काळजी वाटते. फळमाश्यांची लॅब असेल, तर २५ अंशांवर दहा-बारा दिवसांत नवी पिढी येते. संकरासाठी कुमारी माद्या हव्या असतात, म्हणजे कोषातून बाहेर पडल्यावर साधारण आठ तासांच्या आत त्या वेगळ्या काढायच्या. माश्यांना रविवार कळत नाही. त्यांना गुंगी द्यायची, मायक्रोस्कोपखाली ब्रशने एकेक उलटायची, पोटाचं टोक काळं दिसलं की नर, तो बाजूला. मग पुढची. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्कींनी उत्क्रांती डोळ्यांसमोर बघायला १९८८ मध्ये जिवाणूंच्या १२ वसाहतींवर सुरू केलेला प्रयोग तर दशकानुदशकं चालला आहे. इतक्या लांबलचक कामात तू मध्येच शिरणार असशील, तर गाईडना स्पष्ट विचार: यातला माझा स्वतःचा प्रश्न कोणता असेल?

उरलेलं तिथल्या विद्यार्थ्यांकडून काढून घे, तेही गाईड समोर नसताना. पीएचडीला किती वर्षं लागतात, शोधनिबंधावर पहिलं नाव कोणाचं लागतं, मध्येच सोडून कोण गेलं आणि का. शेवटच्या प्रश्नावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले, तर समजून जा.

आता बाईंना चार ओळी लिही. काय येतं, काय येत नाही, सध्या काय शिकतेयस. त्यांचा अलीकडचा एक निबंध वाच आणि त्यातलं खरोखर न कळलेलं एक विचार. उदाहरणार्थ, कुटुंबं तेवढीच का घेतली? उशीर झाल्याबद्दल एक शब्द पुरे, माफीचा परिच्छेद नको.