'पेलिकन ईल'ला मराठीत काय म्हणावे?

खोल समुद्रातील 'पेलिकन ईल' या माशासाठी एका अनुवादात 'पेलिकन साप' असे योजले आहे. ते चालेल का, आणि चालत नसेल तर 'वाम' म्हणावे की 'अहीर', अशी विचारणा आहे.

'साप' सोडूनच द्यावा. समुद्रसापाला हवेसाठी पृष्ठभागावर यावे लागते. हा कल्ल्यांनी श्वास घेणारा मासा असून मुख्यतः ५०० ते ३,००० मीटर खोलीवर राहतो.

'वाम' हा शब्द आपण सापासारखा लांबट आकार पाहून वापरतो. समुद्रातील वाम खरोखरच ईल आहे, परंतु पाठीवर काटे असलेली गोड्या पाण्यातील वाम ईलच्या गणातली नाही. 'अहीर' हा नदीतला मासा असल्याने प्रथमदर्शनी तो शब्द इथे विजोड वाटेल. मात्र २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात अहीराचे कुळ समुद्री वामेपेक्षा खोल पाण्यातील ईलना, आणि त्यांत या माशालाही, अधिक जवळचे आढळले. अंडी घालण्यासाठी अहीर समुद्रात जातो, त्याचा हा पूर्वजांकडून आलेला वारसा असावा. म्हणून माझा कौल 'अहीर'ला.

विशेषणाचा प्रश्न अधिक रंजक आहे. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ व्हायाँ यांनी १८८२ मध्ये दिलेल्या 'युरिफॅरिंक्स पेलिकॅनॉइडिस' या नावाचा अर्थ 'पेलिकनसारखा, रुंद घशाचा'. इंग्रजीत त्याला 'गल्पर', म्हणजे घटाघटा गिळणारा, असेही म्हणतात. पण 'गिळू' वगैरे शब्द दिशाभूल करतील, कारण एवढा आ वासणाऱ्या या माशाचे दात अगदी बारीक असतात आणि त्याच्या पोटात बहुधा कोळंबीसारखे लहान कवचधारी जीवच सापडतात. तो जबडा पसरून भक्ष्यासह पाणी आत घेतो, तोंड मिटतो आणि पाणी कल्ल्यांच्या फटींतून बाहेर सोडतो. हवाईजवळ २०१८ मध्ये नॉटिलस या संशोधन-नौकेच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्यात त्याचे तोंड फुग्यासारखे फुगलेले दिसते. पेलिकनही चोचीखालच्या पिशवीत पाण्यासकट मासे घेतो आणि पाणी गाळून टाकतो. मराठीत त्या पक्ष्याला 'झोळीवाला' म्हणतातच. तेव्हा 'काळतोंड्या'च्या चालीवर 'झोळतोंड्या अहीर' म्हणावे.

चाबकासारखी शेपटी आणि तिच्या टोकाचा प्रकाशणारा अवयव यांवरूनही नाव सुचेल, परंतु सॅकोफॅरिंक्स या त्याच्या जवळच्या नातलगालाही तशीच शेपटी असते, त्यामुळे दोघांत गल्लत होईल. पहिल्या उल्लेखात शास्त्रीय नाव जोडावे. पुढे 'झोळतोंड्या' एवढेच पुरे.