ऑगस्टात आंबोली: आई-बाबांना न्यायचं का?

ताई, तुमचा प्रश्न असा की आई-बाबांना ऑगस्टात सिंधुदुर्गातल्या आंबोलीच्या जंगलातल्या रिसॉर्टवर तीन रात्री न्यायचंय, पण पावसामुळं खोलीतच बसावं लागलं आणि प्राणीही दिसले नाहीत तर पैसे वाया जातील का. मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातला. बारा वर्षांपासून दर पावसाळ्यात तिथं जातो. जरूर न्या. फक्त प्राणी मोजायला जाऊ नका.

आपल्याकडं मराठवाड्यात वर्षाला ७००-८०० मिलिमीटर पाऊस पडला तरी आपण वर्ष बरं गेलं म्हणतो. तिथं ७,००० च्या आसपास पडतो, म्हणजे आपला दहा वर्षांचा पाऊस चार महिन्यांत. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना थंड होतात आणि तिथंच रिकामे होतात. आपल्यापर्यंत पोचतं ते उरलंसुरलं. पावसाळा सरला की मात्र तिथंही सात-आठ महिने कोरडे जातात. म्हणून ते निमसदाहरित जंगल, म्हणजे काही झाडं कायम हिरवी, काही पानं गाळणारी. बारमाही ओलं वर्षावन बघायचं तर खाली केरळात जावं लागतं. पण ऑगस्टात आंबोलीत उभं राहिल्यावर हा फरक जाणवत नाही.

येडशीच्या रामलिंगचं जंगल आपलं ओळखीचं. उन्हाळ्यात पानं झडतात, लांबवर नजर जाते. आंबोलीत अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा असे दाटलेले असतात की दहा पावलांवरचं दिसत नाही, त्यात धुकं. तिथं कानानं बघायचं. उजाडायच्या आधी एखादं पोरगं शीळ घालत चाललंय असं वाटेल; तो शीळकरी कस्तूर पक्षी. बाबांना नक्की उठवा.

रात्री गाईड घेऊन, बॅटरी घेऊन तासभर फिरा. पाणी साचलेल्या खड्ड्यावर वाकलेल्या फांदीला पांढरा फेस चिकटलेला दिसला तर थांबा. तो मलबारी उडत्या बेडकाचा खोपा. मादी मागच्या पायांनी द्रव घुसळून फेस करते आणि त्यात अंडी घालते. काही दिवसांनी पिल्लं फेसातून सुटून टपटप खालच्या पाण्यात पडतात. मी एकदा अर्धा तास उभा राहून हे पाहिलं, पायाला जळू लागलेली कळलीसुद्धा नाही. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चालताना पाय जपून टाका. कातळावरच्या उथळ पाण्यात आंबोली टोड नावाचा बेडूक अंडी घालतो आणि तो आंबोली परिसराबाहेर कुठंच नाही. बेडूक हातात घेऊन फोटो काढणाऱ्या गाईडबरोबर जाऊ नका.

माझे वडील शेतकरी. २०१९ साली त्यांना पहिल्यांदा नेलं. वाटलं, दोन तासांत कंटाळतील. ते वऱ्हांड्यात बसून एकाच पानाकडं बघत होते. पानाला लांब टोक, पाणी टिकतच नव्हतं, थेंब धरला की गळला. मग म्हणाले, "हे सगळं पाणी जातं कुठं?" दुसऱ्या दिवशी हिरण्यकेशीच्या उगमावर नेलं. हे पाणी घटप्रभेला आणि पुढं कृष्णेला मिळतं असं सांगितलं, तेव्हा ते गप्प झाले. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेही कृष्णेचंच. त्या उन्हाळ्यात आम्ही जनावरं विकली होती. त्यांनी ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं.

आता कामाचं. शनिवार-रविवार टाळा, धबधब्यावर तुफान गर्दी होते. जळू ओढू नका, नखानं कडेनं सारा. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरायचं नाही. कपडे तीन दिवस वाळत नाहीत, म्हणून दुप्पट न्या. आईंचा गुडघा दुखत असेल तर निसरड्या पायऱ्यांचा हट्ट नको. आणि खोली ठरवताना एसी-टीव्ही विचारू नका. छप्पर असलेला, झाडांकडं तोंड केलेला वऱ्हांडा आहे का, तेवढं फोनवर विचारून घ्या.