गुहेत झाडू नेण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. सतन्याकडच्या चुनखडकातली गुहा, पणत्यांच्या काजळीने काळवंडलेली भिंत, कुरकुऱ्यांची पाकिटं, खाली वटवाघळांच्या विष्ठेचा थर, कोपऱ्यात पुरात वाहून आलेली पानं-फांद्या. आणि शेवटी तुझा बेत: डिसेंबरच्या सुट्टीत चाळीस जण न्यायचे आणि दोन दिवसांत गुहा लख्ख करायची. बेत वाचून हसू आलं, रागावू नकोस. आपण इंदूरचे. 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिला नंबर, ओला वेगळा, सुका वेगळा, सकाळी गाडीचं गाणं वाजलं की चहा अर्धा ठेवून पळायचं. ही सवय गावात कामाची आहे. गुहेत तिला जरा दारातच थांबव.

फोटोंवर तू लाल गोल करून जे जे ‘कचरा’ म्हणून दाखवलंस, त्यातलं बरंचसं कचरा नाहीच. गुहेच्या आतल्या भागात ऊन पोचत नाही, म्हणजे हिरवं पान उगवत नाही. तिथल्या जिवांना खायला मिळतं ते सगळं बाहेरून येतं. पावसाळ्यात पाणी पालापाचोळा आत ओढून आणतं, आणि वटवाघळं रात्रभर बाहेर किडे खाऊन पहाटे आत येऊन विष्ठा टाकतात. त्या विष्ठेवर बुरशी, बुरशीवर बारीक कीटक, त्यांच्यावर कोळी. झाडू मारलास की ही पंगतच उठवलीस.

बस्तरच्या कांगेर खोऱ्यातली कोटमसर गुहा तुला नावाने ठाऊक असेल. 1950च्या दशकात शंकर तिवारींनी तिचा अभ्यास केला, आणि तिथल्या एका रातकिड्याच्या जातीला पुढे त्यांचं नाव मिळालं, केम्पिओला शंकरी. त्याच गुहेच्या पाण्यात बोटभर लांबीचा एक फिकट मासा आहे, डोळे खुरटलेले. इंडोरिओनेक्टिस एव्हेझार्डी या जातीचा म्हणून त्याचा अभ्यास झाला आहे. (नावात इंदूर ऐकू येतं, पण आपल्या गावाचा त्याच्याशी काही संबंध नाही, उगाच कॉलर ताठ करू नकोस.) ही जात फ्रान्सिस डे यांनी 1872 साली पुण्याच्या नमुन्यांवरून नोंदवली. तिकडे उघड्या ओढ्यात डोळस, आणि इकडे अंधारात जवळजवळ आंधळी. कोटमसरमध्ये हवा वर्षभर 28 अंशांच्या आसपास राहते, ऋतू कळावा असं फारसं काही नसतं. वर्षातून एकदा पूर येतो तेवढाच. पावसाळ्यात गुहा पर्यटकांना बंद असते, आणि त्याच दिवसांत त्या माशाच्या घरी किराणा भरला जातो. तू कोपऱ्यातल्या ज्या फांद्या पोत्यात भरायला निघालीस, त्या तो किराणा आहेत.

जमिनीचंही तसंच. पायाखालची माती दिसते चिखलासारखी, पण ती थराथराने साचलेली असते. आंध्रातल्या बिल्ला सुर्गम गुहांमध्ये रॉबर्ट ब्रूस फूट यांनी 1880च्या दशकात खोदकाम केलं तेव्हा जुन्या प्राण्यांची हाडं अशाच मातीतून निघाली. फावड्याने ‘सपाटीकरण’ केलं की वरचं खाली आणि खालचं वर होतं, आणि मग जगातला कुठलाही तज्ज्ञ ते परत लावून देऊ शकत नाही.

लवणस्तंभांची, म्हणजे ठिबकत्या पाण्यातल्या चुन्याने थेंबाथेंबाने बनलेल्या खांबांची, गोष्ट तर तुला वर्गात शिकवली असेल, पण पुस्तकात नसतं ते सांगतो. कांगेर खोऱ्यातल्याच दंडक गुहेतल्या एका ऊर्ध्वमुखी (जमिनीवरून वर वाढणाऱ्या) लवणस्तंभावरून सुमारे इसवी सन 600 ते 1500 या काळातल्या पावसाचा लेखाजोखा काढला गेला, 2007 साली तो प्रसिद्ध झाला. थर कधीचा, ते युरेनियम-थोरियमवरून ठरवायचं. पाऊस कसा होता, ते ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून. त्यात चौदाव्या शतकात आणि पंधराव्याच्या सुरुवातीला पाऊस क्षीण झालेला दिसतो. आपल्या घरात आजी-पणजीच्या तोंडी असलेला दुर्गादेवीचा दुष्काळ, 1396 पासून बारा वर्षं चालला असं परंपरा सांगते तो, नेमका त्याच काळातला. बखरीत जे एका ओळीत आहे ते दगडात वर्षांवर वर्षं लिहिलेलं सापडतं. मेघालयातल्या मावम्लुह गुहेच्या लवणस्तंभावरून तर 2018 साली पृथ्वीच्या इतिहासातल्या एका कालखंडालाच मेघालयन हे नाव मिळालं. तो सुरू होतो सुमारे 4,200 वर्षांपूर्वी. म्हणून कुणी ‘आठवण’ म्हणून टोक मोडून आणलं की मला त्याच्या चार थोबाडीत द्याव्याशा वाटतात. अभ्यासासाठी नमुना लागला तर आधीच तुटून पडलेला उचलावा, किंवा बारीक गाभा काढावा, तोही परवानगी घेऊन. तुटलेला तुकडा फेव्हिक्विकने चिकटवायचा उत्साह कुणी दाखवला तर त्याला हाकल. ते काम एपॉक्सी आणि स्टेनलेस स्टीलच्या बारीक खिळीने जाणकार लोक करतात. तुमचं काम एवढंच, की तुकडा कुठे पडला होता ते लिहून, फोटो काढून, तो तिथेच बाजूला ठेवायचा.

मग करायचं काय? खरा कचरा आहेच. आधी बॅटरीचे सेल उचल. ते गंजले की त्यातला विषारी ऐवज थेट पाण्यात उतरतो. मग प्लास्टिक, थर्माकोल, नायलॉनचे दोर. डबक्यात टाकलेली नाणीही काढ, तांबं पाण्यातल्या बारीक जिवांना मारक असतं. ती पुजाऱ्यांच्या समक्ष काढून त्यांच्याच हातात दे, नाहीतर गावात भलतीच चर्चा होईल. प्रत्येक वस्तू उचलण्याआधी फोटो काढ आणि उलटी करून बघ, खाली कुणी राहतंय का. वर्षानुवर्षं पडून असलेल्या फळीखाली बहुतेक वेळा कुणीतरी असतंच. असेल तर फळी राहू दे.

चिखलाचे ठसे पडलेला पांढरा कॅल्साइट, म्हणजे लवणस्तंभ ज्याचे बनतात ते चुन्याचं खनिज, धुता येतो, पण कसा ते नीट वाच. साबण नाही, तारेचा ब्रश नाही, आणि संडास धुवायचं तेजाब तर चुकूनही नाही. आम्लाने कॅल्साइटच विरघळतो, डाग आणि दगड दोन्ही जातात. फवाऱ्याच्या बाटलीत साधं पाणी, तेही शक्यतो त्याच गुहेतलं. मऊ स्पंज आणि नायलॉनचा जुना टूथब्रश. आधी नजरेआडच्या जागी रुपयाएवढा भाग धुऊन बघायचा. एक जण हलक्या हाताने टिपतो, दुसरा खाली स्पंज दाबून धरतो, म्हणजे गढूळ ओघळ डबक्यात जाणार नाही. भरलेला स्पंज बादलीत पिळायचा आणि बादली बाहेर न्यायची. चिखलावर नवा कॅल्साइट चढून तो चकचकीत झाला असेल तर हात लावायचा नाही. तो आता दगडाचा झाला. या कामात दिवसाकाठी वीतभर जागा झाली तरी पुष्कळ, आणि पाठ मोडते ती वेगळीच. अमेरिकेतल्या कार्ल्सबॅड गुहांमध्ये स्वयंसेवक पर्यटकांच्या कपड्यांचे तंतू आणि गळालेले केस चिमट्याने वेचत बसतात. तुझ्या चाळिसांपैकी असे किती निघतील, तूच सांग.

काजळीच्या भिंतीला सध्या हात लावू नकोस. काजळी कालची की कित्येक शतकांपूर्वीची, हे डोळ्यांनी कळत नाही. कालची थांबवायची असेल तर पुजाऱ्यांशी बोल. ‘अंधश्रद्धा’ वगैरे व्याख्यान झोडू नकोस. गुहा आजवर टिकली ती त्या लोकांनी तिला देवाची मानली म्हणून. पणत्यांसाठी तोंडाशी, उघड्यावर, लोखंडी दीपपात्र करून द्यायला कुणीही नाही म्हणणार नाही. तुमच्या वर्गणीतून तेवढं जमेल.

आत विजेचे दिवे लावायची टूम निघाली तर मात्र हात जोडून विरोध कर. दिव्याखाली शेवाळ धरतं. ते घालवायला चेक प्रजासत्ताकात 15 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून पाहिलं, तेही आधी त्यात चुनखडकाचे तुकडे मुरवून, नाहीतर ते लवणस्तंभच खातं. फ्रान्समधली आदिमानवाच्या चित्रांची लास्को गुहा 1940 साली सापडली, 1948 साली लोकांना खुली झाली, आणि श्वासांनी, दिव्यांनी, शेवाळाने इतकी बिघडली की 1963 साली बंद करावी लागली. पुढे 2001 साली तिथे पांढरी बुरशी पसरली. औषधं मारली, जमिनीवर कळीचा चुना पसरला. नंतर काळे डाग आले, आणि तपासणीत दिसलं की जंतुनाशकाला दाद न देणारेच जंतू तिथे माजले होते. हेतू चांगला होता, माणसंही निष्णात होती. म्हणून मी तुझ्या मोहिमेच्या आड येतो आहे.

आता वरच्या जमिनीबद्दल, जिच्याबद्दल तुझ्या पत्रात एक ओळही नाही. आपल्या माळव्याखाली बेसाल्ट आहे; पाणी मुरमातून, फटींतून झिरपत जातं, वाटेत थोडंफार गाळलं जातं. चुनखडकात तसं नाही. मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतलेलं पावसाचं पाणी दगड विरघळवून वाटा करतं, आणि त्या वाटांनी सांडपाणी न गाळता थेट झऱ्यात उतरतं. शेतातलं विलयविवर, म्हणजे खालचा चुनखडक विरघळून पडलेला खड्डा, गावाला फुकटचा उकिरडा वाटतो. मेलेलं जनावर, फवारणीचे रिकामे डबे, सगळं तिथे. आणि पलीकडचं गाव ज्या झऱ्याचं पाणी पितं तो कदाचित त्याचंच दुसरं टोक असतो. फ्लुरेसिनसारखा रंग सोडून ही जोडणी सिद्ध करता येते, पण ग्रामपंचायतीला आणि पलीकडच्या गावाला आधी सांगून. नाहीतर हिरवं पाणी बघून लोक काठ्या घेऊन येतील. तुझी पहिली मोहीम गुहेत नको, त्या विवरांच्या नकाशाची कर. त्यासाठी चाळीस जण खुशाल ने, शेतं तुडवू नका म्हणजे झालं.

वटवाघळांचं थोडक्यात. पिल्लांच्या काळात आत जायचं नाही, झोत त्यांच्यावर मारायचा नाही, हात तर लावायचाच नाही. गोवा-बेळगाव सीमेजवळच्या बारापेडे गुहेतली एक जात कित्येक दशकं साऱ्या जगात त्या एकाच गुहेतून माहीत होती; एका गुहेची वर्दळ म्हणजे काय, ते यावरून समज. एका गुहेची माती दुसरीत नेऊ नका, बूट-कपडे 55 अंशांच्या गरम पाण्यात बुडवून धुवा. अमेरिकेत 2006 पासून एका बुरशीने लाखो वटवाघळं मेली, आणि ती बुरशी युरोपातून माणसांबरोबर आली असावी असं मानतात. विष्ठेच्या धुळीत फुफ्फुसाला बाधणारी बुरशी असू शकते, मास्क लावा. प्रत्येकाकडे तीन दिवे. पावसाची शक्यता असेल तर आत नाही. हे सगळं तुला ठाऊक असेल, तरी आई विचारेल म्हणून लिहिलं.

गुहेत चौघंच जा. पहिल्या खेपेला फक्त मोजणी: मोजपट्टी, होकायंत्र, क्लिनोमीटर (चढ-उताराचा कोन मोजायचं साधन), आणि ठरलेल्या जागांवरून फोटो, म्हणजे पुढल्या वर्षी त्याच जागेवरून पुन्हा काढता येतील. तोंडाशी आणि आत तापमान, आर्द्रता लिहा. गुहेचं नेमकं ठिकाण इन्स्टाग्रामवर टाकू नका. मीही या पत्रात म्हणूनच नाव लिहिलेलं नाही.

वनखात्याकडे जायच्या अर्जाचा मसुदा रविवारी घेऊन ये. त्यात ‘स्वच्छता’ हा शब्द असेल तर आधीच खोडून आण, ‘सर्वेक्षण’ लिही. क्लिनोमीटर माझ्याकडे आहे, तो ने. होकायंत्र मात्र तुझं तू बघ, माझ्याजवळचं गेल्या वर्षी कुणीतरी नेलं ते अजून परत आलेलं नाही.

तुझा,
काका