खोडव्यातला केवडा आणि जुन्या बागेचं तांबं

प्रश्न : तासगाव तालुक्यात आमचं दीड एकर रान आहे. बारा वर्षांची द्राक्षबाग काढून ऊस केला. आता खोडव्याची (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसाची) कोवळी पानं पांढरीफटक पडलीत. युरिया दिला, दोन वर्षं सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्र खतही टाकलं, फरक नाही. माती अहवाल : सामू (पीएच) ८.४, चुनखडी १४ टक्के, लोह ३.१, जस्त १.९, तांबे ११ पीपीएम. आणखी काय टाकू?
– एक शेतकरी भगिनी

उत्तर : ताई, अहवाल पाठवलात हे फार बरं केलंत. बहुतेक पत्रांत नुसतं ‘पानं पिवळी’ एवढंच असतं.

हा केवडा आहे, म्हणजे लोह न मिळाल्याने आलेला पिवळेपणा. कमी पिवळं असलेलं एखादं कोवळं पान उजेडात धरा : शिरा हिरव्या, मधल्या पट्ट्या पिवळ्या. नत्र कमी असतं तर आधी खालची पानं पिवळी पडली असती. तुमच्या मातीत एकूण लोह मुबलक आहे, पण चुनखडीमुळे त्यातलं फारच थोडं मुळांना लागतं; अहवालातलं ३.१ ते हेच. माझ्या वडिलांचा भुईमूग असाच पिवळा पडायचा, पाटाचं पाणी साचायचं तिथे सर्वांत आधी. तुमच्या सरीतही पाणी तुंबू देऊ नका.

खात्री करायची तर लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) विरघळवून एका पानाच्या अर्ध्या भागाला बोळ्याने लावा. आठवड्यात तेवढाच भाग हिरवा झाला, की निदान पक्कं. द्रावण ताजं हवं. तांबूस झालेलं उपयोगाचं नाही.

मला काळजी वाटते ती तांब्याची. ०.२ पुरतं तिथे ११! हा द्राक्षावर फवारलेल्या बोर्डो मिश्रणातला मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार. तो कुजत नाही, पाण्याबरोबर वाहूनही जात नाही, आणि जादा तांबं लोहाच्या आड येतं. जस्तही ०.६ या मर्यादेच्या तिप्पट आहे. मिश्र खतातून हेच दोन्ही पुन्हा पडतात, म्हणून ते आजच थांबवा.

द्यायचं ते फक्त हिराकस, एकरी १० किलो. तुमच्या रानाला १५ किलो लागेल. दहापट कुजलेल्या शेणखतात मिसळा, ओलसर करून पाच-सहा दिवस झाकून मुरू द्या आणि बुडख्याजवळ मातीआड करा. कोरडं फेकलंत तर चुनखडी ते लगेच बांधून टाकेल. ठिबकमधून लोहाचं चिलेट (मातीत बांधलं जाऊ नये म्हणून सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेलं लोह) देणार असाल तर पुड्यावर ‘ईडीडीएचए’ वाचूनच घ्या. ‘ईडीटीए’तलं लोह या सामूला टिकत नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा माती तपासा. नमुना प्लास्टिकच्या घमेल्यात घ्या, जस्ताच्या बादलीत नको.